गाल भरले, मांड्या गेल्या

समजा, ताडावर तुम्हालाच चढायचं आहे. झाड आमच्या तळ्याच्या बांधावरचं. सरळसोट, तीन मजली घराएवढं उंच, मधे टेकायला एक फांदी नाही. कंबरेमागून घेतलेला जाड दोर खोडाला वेढून पुन्हा कंबरेशी अडकवायचा. त्याला आमच्याकडे मोकू म्हणतात. दोन्ही पावलं एका फासात घालायची, म्हणजे तळवे खोडाला दोन्ही अंगांनी आवळून धरतात. आता दोरावर मागे रेला. पावलं एकदम वर ओढा, गुडघे छातीशी येऊ द्या, आणि उठा. उठता उठता दोर वर सरकवा. पुन्हा रेला, पुन्हा ओढा, पुन्हा उठा. खालून बघणाऱ्याला वाटतं माणूस हातांनी चढतोय. हात नुसता दोर सांभाळतात, अंगाचं ओझं मांड्या उचलतात. शेंड्याला पोचलात की दोरावर बसून फुलोऱ्याचं टोक सुरीनं तासायचं, कागदासारखी पातळ चकती निघाली पाहिजे. भरलेलं मडकं काढायचं, रिकामं बांधायचं, उतरायचं. मग शेजारचं झाड. सकाळी सगळी रांग, संध्याकाळी पुन्हा तीच.

आता समजा, निम्म्या वाटेवर मांडी म्हणाली, मी उठत नाही.

सायागौडची मांडी असं म्हणाली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. तो बराच वेळ दोरावर तसाच लटकून राहिला. खाली ताडी प्यायला आलेली माणसं पानाचे द्रोण हातात घेऊन वर बघत होती. शेवटी तो खरचटत, घसरत खाली आला. छाती सोलली होती. "गांधीलमाशा आहेत वर," तो म्हणाला, "पोळं मोठं झालंय." कुणी शंका घेतली नाही. सायागौडवर शंका घ्यायची आमच्या गावात पद्धत नव्हती.

तो माझ्या आईचा चुलत भाऊ, म्हणून माझा मामा. आम्ही गौड, ताडी काढणारे. माझ्या बापानं तरुणपणीच दोर टाकून रिक्षा घेतली, आणि गावातल्या निम्म्या घरांनी तेच केलं. मामानं टाकला नाही. बांधावरची ताडांची रांग त्याच्या बापाची, आणि तिला अजून सायागौडची रांग म्हणूनच ओळखतात. गिऱ्हाइकं दुसऱ्यांची झाडं ओलांडून त्याच्या झाडाखाली येऊन बसायची, कारण त्याचा काप पातळ आणि मडकं स्वच्छ. माणूस काटक. गाल आत गेलेले, मान बारीक, आणि कंबरेखाली मात्र मोटेच्या बैलासारखा. लहानपणी आम्ही पोरं त्याच्या मांडीवर उभं राहायचो तेव्हा दगडावर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

पन्नाशी ओलांडली आणि त्याचे गुडघे बोलू लागले, मग खांदे. आधी मोहरीचं तेल झालं, मग विटेचा शेक, मग प्रभाकर.

प्रभाकर डॉक्टर नव्हता. शहरात एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथून सुई टोचायला शिकून आला आणि त्यानं बसस्टँडमागे पाटी लावली. सगळं गाव त्याला डॉक्टरसाब म्हणतं. मी त्याचं दुकान आतून बघितलं आहे. रेक्झिन फाटलेला बाक आणि त्या फाटीतून बाहेर आलेला काथ्या, किती माणसांच्या घामानं काळा झालेला. कोपऱ्यात स्टीलचा डबा, डब्यातल्या पाण्यात सुया, आणि पाण्यावर तवंग. जमिनीवर रक्तानं भरलेले कापसाचे बोळे, आणि त्यांवर मुंग्या. मला ते आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात. गावाला मात्र त्या बाकाची घाण कधी दिसली नाही, कारण तिथून उठलेला माणूस संध्याकाळी हसत फिरायचा. कुल्ल्यावर एक सुई आणि कागदाची पुडी. पुडीत रंगीत गोळ्या आणि त्यांत एक इवलीशी पांढरी. नाव विचारलं तर प्रभाकर म्हणायचा, "ताकदीची आहे. तू झाड बघ, गोळीचं मला बघू दे."

मामाचे गुडघे त्याच दिवशी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी तो सगळी रांग चढला, आणि उतरून बांधावर उभा राहून म्हणाला, "मी वीस वर्षांचा झालो." तेव्हापासून दर आठवड्याला सुई आणि रोज पुडी. हे तीन वर्षं चाललं.

मग त्याचे गाल भरू लागले.

तुम्हाला हे नीट कळायला हवं, कारण सगळी चूक इथे आहे. आमच्यात गाल भरणं ही साधी गोष्ट नाही. ताडी काढणाऱ्याच्या अंगावर मांस धरत नाही. उन्हात, दोरावर, रोज. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांचे फोटो बघा, सगळे वाळलेल्या चिंचेसारखे. गोल चेहरा असतो सावकाराचा, पुढाऱ्याचा. त्यामुळे सायागौडचा चेहरा पुरीसारखा फुगला, गालांवर लाली चढली, मानेच्या मागे मांसाचा उंचवटा आला, तेव्हा झाडाखाली बसलेली माणसं खूश झाली.

"काय साया, सासरवाडीला राहून आलास का? गाल बघ जरा."

"पुढच्या निवडणुकीला उभा कर याला. चेहरा तयार आहे."

"गंगामणी वहिनी काय खाऊ घालतात ते आमच्या घरी सांगा की."

गंगामणी, मामाची बायको, लाजायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक भाकरी वाढायची. "जन्मभर या माणसाच्या हाडावर कातडी होती," ती माझ्या आईला म्हणाली. "येल्लम्मानं आत्ता ऐकलं." तिनं देवीला कोंबडं कापलं. कशासाठी कापलं हे मला नंतर कळलं तेव्हा मी ताटावरून उठले. अख्खं गाव एका आजाराला दृष्ट लागू नये म्हणून जपत होतं.

लुंगीच्या आत काय चाललंय ते कुणी बघितलं नाही. बघणार तरी कसं? मामानंच लपवलं. आधी तो जमिनीवर बसेनासा झाला, बाजेवर बसू लागला. मग चौकट धरून उठू लागला. एकदा संडासात उठताना त्यानं नळ धरला आणि नळ भिंतीतून उपटून हातात आला. घरभर पाणी. गंगामणी कडाडली, "नळ काय बैल आहे का, शेपूट धरून उठायला?" तो हसला. तिलाही हसू आलं. मग तो दिवस आला, ज्या दिवशी तो दोरावर लटकला आणि ते गांधीलमाशांवर ढकललं. त्या हंगामाचे उरलेले दिवस थोरल्या भावाच्या पोराला, श्रीशैलमला, त्यानं रांगेवर चढवलं. खोटं कारण सांगितलं, खांदा धरलाय म्हणून. आणि प्रभाकरकडे जाऊन दोन पांढऱ्या गोळ्या मागितल्या. प्रभाकरनं दिल्या.

मी फिजिओथेरपी शिकून तेव्हा नुकतीच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लागले होते. दसऱ्याला गावी आले. आमच्याकडे दसऱ्याला शमीची पानं मोठ्यांच्या हातात देतात आणि पाया पडतात. मामा अंगणात बाजेवर बसला होता, नवा सदरा घालून, लालबुंद, गोल. मला क्षणभर ओळखूच आला नाही. पानं देऊन मी वाकले. पावलांना हात लावला तर बोट आत गेलं आणि खळगा तसाच राहिला. लुंगी मांडीपर्यंत सरकली होती. गुडघ्याच्या वर जिथे दगड असायचा, तिथे रिकामी पिशवी लोंबत होती. पोटरीवर निळे-जांभळे डाग, कातडी इतकी पातळ की जाळीतून भाजी दिसावी तशी खालची शीर दिसत होती.

"मामा, उठ जरा."

"का? सोयरीक आणलीस का माझ्यासाठी?"

"हात न लावता उठ."

"सणाच्या दिवशी म्हाताऱ्याला कवायत कशाला करायला लावतीस गं?" गंगामणी आतून म्हणाली.

मामानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं की मला कळलंय. तो पुढे झुकला, मागे झाला, पुन्हा पुढे झुकला. बूड बाजेवरून सुटेना. शेवटी त्यानं हात गुडघ्यांवर रोवले, मग मांड्यांवर, मग आणखी वर, आणि असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत तो उभा राहिला. घाम आला होता. चेहऱ्यावर हसू ठेवायचा प्रयत्न करत होता, पण फुगलेल्या त्या गालांना हसताही येत नव्हतं.

"प्रभाकरची पुडी आण," मी म्हणाले.

श्रीशैलम तिथेच होता. माझा मामेभाऊ, म्हणून मी त्याला बावा म्हणते. तिशीचा, तगडा, शहरातल्या जिममध्ये जातो. पुडीतली पांढरी गोळी मी ओळखली आणि ती स्टेरॉइड आहे असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "स्टेरॉइड? मग चांगलंय की. आमच्या जिममधले त्यासाठी जीव टाकतात. त्यांचे दंड बघ."

"स्टेरॉइड हे एका खानदानाचं नाव आहे, बावा. गौड म्हटलं की सगळे सारखे का? एक चढतो, एक खाली बसून पितो."

"पिणारे जास्त," मामा म्हणाला.

मग मी सांगत बसले. पुरुषाच्या अंगात एक स्टेरॉइड आपोआप तयार होतं, ते मांस बांधतं. चाळिशीनंतर ते वर्षा-वर्षाला थोडं थोडं आटत जातं. मांस बांधणारे हात कमी होतात, म्हणून म्हातारपणी दंड सुटतात, मांड्या उतरतात. कुणालाच ते चुकत नाही. त्याच खानदानातलं दुसरं, मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते तिच्यात तयार होतं. ताप, उपास, भीती, अशा अडचणीच्या वेळी ते मांस मोडून त्याची साखर करून देतं. घरात दाणा नसला की आपण वासे काढून चुलीत घालू, तसं. एक दिवस ठीक आहे. प्रभाकरची गोळी ही त्या दुसऱ्याची नक्कल, आणि कितीतरी पट. सूज उतरवते, दुखणं दाबते, म्हणून बरं वाटतं. पण तीन वर्षं रोज सकाळी तिनं मामाच्या अंगाला सांगितलं, अडचण आहे, मोडा. आणि अंगानं सगळ्यात मोठं मांस आधी मोडायला घेतलं, मांड्यांचं आणि कुल्ल्यांचं. शिवाय बांधणारं जे थोडं उरलं होतं, तेही या गोळीनं आणखी कमी केलं. वर चरबी साठली ती गालांत, मानेवर, पोटात.

गंगामणी पुरणाचा हात तसाच घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"म्हणजे मी माझ्याच मांड्या खाल्ल्या," मामा म्हणाला. मग तो अंगणाच्या कडेला तोंड करून थुंकला.

मी त्याला बजावलं. गोळी आपली आपण सोडायची नाही. इतकी वर्षं बाहेरून मिळतंय म्हटल्यावर अंगातली ग्रंथी झोपून गेलीय, गोळी एकदम तोडली तर अंगात काहीच उरणार नाही. गुरुवारी दवाखान्यात ये, डॉक्टरबाई हळूहळू कमी करतील.

"विष आहे म्हणतीस, अन् खा म्हणतीस."

"चार दिवस खा."

"बरं, बिड्डा," तो म्हणाला. बिड्डा म्हणजे पोरी. इतक्या सहज म्हणाला की मी परत गेले.

नंतर काय झालं ते गंगामणीनं सांगितलं. मी गेल्यावर त्यानं सदरा काढला आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. ती घाबरली, कारण तिनं स्वतःच्या नवऱ्याला कितीतरी दिवसांत उजेडात उघडं बघितलं नव्हतं. पोटावर जांभळे ओरखडे, बोटभर रुंद, आतून फाटल्यासारखे. त्यावर ते मोठं गोल डोकं. खाली दोन काटक्या. त्यानं स्वतःचा गाल चिमटीत धरून ओढला आणि म्हणाला, "हे सोंग कुणाचं आहे?" मग म्हणाला, "तू याला भाकरी वाढत होतीस." मग त्यानं कोनाड्यातल्या सगळ्या पुड्या गोळा केल्या, घरामागच्या खड्ड्यात, जिथे आंबलेल्या ताडीचा गाळ टाकतात तिथे, नेऊन टाकल्या आणि काठीनं ढवळल्या. गंगामणी म्हणाली, बिड्डा सोडू नको म्हणालीय. तो म्हणाला, "आता ती गोळी तोंडाजवळ आणली तर आतडी बाहेर येतील."

त्याला किळस आली होती, आणि किळस आलेल्या माणसाला हिशेब समजत नाही. मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गुडघे आणि खांदे एकदम पेटले. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. पाणी राहीना, पेज राहीना. मग तो बाजेवरून मान उचलेना, हाक मारली तर डोळे अर्धे उघडून दुसरीकडेच बघायचा. बाजेखाली ओकारीचं भांडं, घरभर आंबट वास, आणि दारात गाव. कुणीतरी प्रभाकरला बोलावून आणलं.

प्रभाकर बॅग घेऊन आला, नाडी धरली आणि दारातल्या लोकांकडे वळून बोलू लागला, रोग्याकडे पाठ करून. "बघा. तीन वर्षं मी याला उभा ठेवला. शिकलेल्या पोरीनं चार शब्द सांगितले, झाला आडवा. कुणाचं औषध खरं ते आता तुम्हीच सांगा."

"खरंय," दारातून कुणीतरी म्हणालं. "गोळी होती तोवर गाल कसे होते."

प्रभाकरची सुई त्या वेळी मामाच्या कामालाच आली असती, हे मला शिकल्यामुळे माहीत आहे. ज्या औषधानं त्याला खाल्लं, त्याच औषधावाचून तो मरत होता. प्रभाकरला यातलं काही कळत नव्हतं, तरी तो बरोबर ठरणार होता, सगळ्या गावासमोर. गंगामणीनं त्याला सुई भरू दिली नाही. तिनं नुसतं त्याच्या बॅगेतल्या स्टीलच्या डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "यात माशी आहे." श्रीशैलमनं मामाला पाठीवर घेतलं आणि माझ्या बापाच्या रिक्षात घातलं.

दवाखान्यात शिरेतून तेच औषध आणि मीठ-साखरेचं पाणी चढलं. दुपारपर्यंत मामानं डोळे नीट उघडले. डॉक्टरबाई, सुजाताम्मा, त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. त्या हळू बोलतात.

"आता ही गोळी घ्यावी लागेल, गौडगारू. रोज."

मामा छताकडे बघत होता. "किती दिवस?"

"दिवस नाही, महिने. आधी आहे तेवढी, मग थोडी कमी, मग आणखी कमी. तुमची ग्रंथी जागी होईपर्यंत."

"आणि झालीच नाही जागी तर?"

"बहुतेकांची होते."

"अन् मांड्या?"

"काही परत येतील. व्यायाम करा, डाळ-अंडी खा. साठीकडे आलेल्या माणसाला विशीइतकं परत मिळत नाही."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून घरी रोज सकाळी तो ती गोळी घेतो. जिभेच्या टोकावर नाही, पार मागे टाकतो, चव लागू नये म्हणून. गिळली की चूळ भरतो आणि प्रभाकरच्या आईच्या नावानं एक शिवी देतो. गंगामणी म्हणते, देवपूजेला खंड पडेल, या शिवीला पडत नाही.

मी प्रभाकरची तक्रार केली. माणसं आली, पाटी उतरवून घेऊन गेली. आठवडाभरात पाटीशिवाय बाक चालू झाला. पाटी वाचून तिथे कोण जात होतं?

संक्रांत झाली की आमच्यात झाडांची वाटणी होते. वाटणी म्हणजे कागद नाही. बांधावर येल्लम्माच्या दगडासमोर सगळे गौड जमतात, आणि ज्याची जी रांग, त्यानं त्या रांगेतल्या पहिल्या झाडावर सगळ्यांदेखत चढून पहिलं मडकं खाली आणायचं. चढलात, रांग तुमची. नाही चढलात, रांग भावकीत दुसऱ्याला. वय कुणी विचारत नाही, आजार विचारत नाही, आणि न चढलेल्याला कुणी काही बोलत नाही. रांग पुन्हा फिरून त्याच्याकडे येत नाही, एवढंच.

मामानं दिवाळीपासून त्यासाठी जीव काढला होता. मी सांगितलेले व्यायाम तो अंगणात करायचा. बाजेवर दोन उशा ठेवून त्यांवरून उठणं, मग एक उशी, मग नुसती बाज. चेहरा हळूहळू उतरू लागला होता. जुन्या सायागौडचं नाक पुन्हा दिसू लागलं होतं. यावर गाव म्हणालं, "किती खराब झालास रे साया. बघवत नाही."

वाटणीच्या सकाळी मी रजा काढून गेले. बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत प्रभाकर बसला होता, मानाचा पाहुणा म्हणून. पहिला द्रोण त्याला. त्याच्या हाताची नखं मी बघितली आणि नजर फिरवली.

मामाची पाळी आली. त्यानं दोर वेढला, पावलं फासात घातली, कपाळाला झाडाखालची माती लावली. रेलला. ओढलं. उठला. पुन्हा रेलला, ओढलं, उठला. तिसऱ्यांदा पावलं वर आली आणि मांड्या थरथरू लागल्या. आधी बारीक, मग इतक्या की दोर खोडावर वाजू लागला. पुरुषभर उंचीवर तो थांबला. श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मग तो उतरला. घसरला नाही, एक एक पाऊल खाली घेत उतरला. फास सोडून म्हणाला, "श्रीशैलम, ये."

श्रीशैलमनं काकाच्या पाया पडून दोर घेतला आणि वर गेला. पहिलं मडकं आलं. ताडी काढणाऱ्यांच्या सोसायटीचे प्रमुख लिंबागौड द्रोण घेऊन मामाकडे आले. त्यानं एक घोट घेतला.

"काप जाड पडलाय," तो श्रीशैलमला म्हणाला. "मडकंही नीट धुतलेलं नाही. उद्या मी खाली उभा राहतो, मला दाखव."

तोवर तो सावरलेला होता. मग त्याची नजर वाटणीला उभ्या असलेल्या माणसांवर फिरली आणि लिंबागौडांवर अडली. मीही तेव्हाच बघितलं. लिंबागौडांचे गाल गोल होते. लाल. आणि त्यांच्या मागे उभे असलेले आणखी दोघे, चाळिशीचे, मानेमागे तोच उंचवटा.

"लिंबन्ना," मामा म्हणाला, "तू पण पुडी घेतोस?"

"आज सकाळी सुई पण घेतली. चढायचं होतं ना." लिंबागौड हसले. "काय झालं?"

"जमिनीवर बसून उठून दाखव."

"साया, तुझं दुःख कळतं मला. रांग गेली की माणसाला सगळ्यांचेच गाल डोळ्यांत खुपतात."

लोक हसले. वाईट हेतूनं नाही. दुःख हलकं करावं म्हणून हसतात तसे. प्रभाकरही खुर्चीत हसला आणि द्रोण पुढे केला. मामानं हातातली ताडी जमिनीवर ओतली, तोंड पुसलं आणि घरी निघाला. मी बरोबर गेले. 

घरी येऊन तो बाजेवर बसला. उशी न घेता. थोड्या वेळानं हात न लावता उठला, पुन्हा बसला. सवयीनंच.

"बिड्डा, एक सांग. खोटं सांगू नको, मला समजवायला जाऊ नको."

"विचार."

"प्रभाकरची एकही पुडी घेतली नसती, तर आज मी चढलो असतो?"

मी म्हणाले, माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी कुणी तुझी मांडी मोजली नव्हती. वयानं किती नेलं आणि गोळीनं किती, ते वेगळं काढता येत नाही. वय तर नेतच होतं, गोळी त्याच्या हाताखाली लागली. पण गुडघे एवढे दुखत असताना पुडीशिवाय तू चढलाच असतास असंही नाही.

"माझा बाप चढायचा. या वयात."

"काहीजण चढतात."

"मग मी त्यांतला होतो का नव्हतो?"

गंगामणीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तीही बाजेच्या कडेला बसली.

"सुजाताम्माला विचार," तो म्हणाला. "तिथे मोठ्या मशिनी आहेत. मांडीत उरलंय त्यात दिसतं म्हणतात. गेलंय ते कुठल्या वाटेनं गेलं, ते दिसतं का? म्हातारा झालो म्हणून रांग गेली असेल तर ठीक आहे, ती सगळ्यांची जाते. पण त्या माणसानं नेली असेल तर मला ते कळायला नको का?"